उन्हाळ्यात दुमजली घराचा वरचा मजला : घ्यावयाची काळजी

दुमजली घरात उन्हाळ्यामध्ये वरचा मजला अधिक तापतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता शोषून घेतो व सूर्यास्तानंतर ती हळूहळू खोलीत सोडतो. शिवाय खालची गरम हवाही जिन्यातून वर चढते. परिणामी रात्रीसुद्धा शरीराला विसावा मिळत नाही. वृद्ध, तान्ही बालके, गर्भवती आणि हृदय व मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण यांना याचा विशेष धोका असतो.

• उन्हाळ्यापूर्वी गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप द्यावा. त्यामुळे ऊन परावर्तित होते.
• दिवसा उन्हाच्या बाजूच्या खिडक्या व पडदे बंद ठेवावेत.
• बाहेरची हवा गार झाल्यावर दोन्ही मजल्यांवरील खिडक्या उघडाव्यात, म्हणजे कोंडलेली उष्ण हवा वरून बाहेर पडते. डासांसाठी जाळी अथवा मच्छरदाणी वापरावी.
• वर नमूद केलेल्या व्यक्तींच्या झोपण्याची सोय तळमजल्यावर करावी.

अंग अतिशय तापून व्यक्ती असंबद्ध बोलू लागल्यास वा तिची शुद्ध हरपल्यास तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोपर्यंत रुग्णाला गार जागी निजवून अंग ओल्या कापडाने पुसावे व वारा घालावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.