बदल एकाच जागी राहावा म्हणून

1999 साली जगभरातल्या बँका, विमान कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या एकाच कामाला जुंपल्या होत्या. मेमरी महाग होती त्या काळात 1967 ऐवजी नुसतं 67 लिहायची पद्धत पडली होती, आणि आता 00 म्हणजे 1900 असं संगणक धरून चालेल ही धास्ती होती. दुरुस्ती तशी किरकोळ. पण साल दोनच आकड्यांत मावतं हे गृहीतक व्याजाच्या हिशेबात, पेन्शनच्या याद्यांत, बिलांच्या छपाईत असं सगळीकडे विखुरलेलं होतं. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना त्या शोधाशोधीचं भरपूर काम मिळालं.

या दुखण्याचं मूळ संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी 1972 मध्येच दाखवलं होतं. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम घेतला. ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतला पहिला शब्द एकेक करून शेवटी सरकवत नव्या ओळी तयार करायच्या आणि त्या सगळ्या वर्णक्रमाने लावायच्या. कामाच्या टप्प्यांनुसार याचे भाग पाडले, तर ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत हे जवळपास प्रत्येक भागाला ठाऊक असावं लागतं. साठवण बदलली की सगळ्यांनाच हात लावा!

पार्नस यांनी वाटणीच बदलली. जो निर्णय पुढे बदलू शकतो, तो एकाच भागाच्या पोटात ठेवायचा. इतरांनी फक्त विचारायचं : तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं?

असे मोजके, ठरलेले प्रश्न म्हणजे ॲब्स्ट्रॅक्शन. उत्तर कुठून येतं, हे बाहेरच्याला पाहू न देणारी भिंत म्हणजे एन्कॅप्सुलेशन. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात 'क्लू' या भाषेत ही शिस्त थेट व्याकरणातच बसवली. आज जावामध्ये 'प्रायव्हेट' लिहिलं, की बाहेरून हात घालू पाहणारा कोड कंपायलरच अडवतो.

या शिस्तीची पुढची परीक्षा जवळ आली आहे. युनिक्स घराण्यातल्या प्रणाली 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात, आणि 32 बिटांची ही मोजणी 19 जानेवारी 2038 रोजी संपते. ज्या प्रोग्रॅममध्ये वेळेसाठी प्रणालीने दिलेला प्रकारच काटेकोरपणे वापरला आहे, तिथे तो प्रकार 64 बिटांचा करून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला की बहुतेकदा भागतं. ज्यांनी वेळ साध्या 32 बिटांच्या आकड्यात धरून तशीच फायलींत लिहिली, त्यांना आकड्यासोबत जुन्या फायलींची रचनाही बदलावी लागते.