पडद्यावरील प्रयोगशाळा

भिलाई येथील पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो. १५ अंश सेल्सिअस तापमानाचा असा रूळ उन्हात ४५ अंशांपर्यंत तापला आणि त्यास कोठेही अटकाव नसला, तर त्याची लांबी सुमारे ४.७ सेंटिमीटरांनी वाढते. कारण तापमानाच्या प्रत्येक अंशामागे पोलाद आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके प्रसरण पावते. हे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थी सहज सोडवितो. परंतु येथे नेमके काय वाढले, असे त्यास विचारले असता ‘अणू फुगले’ असे उत्तर पुष्कळदा येते. सूत्र पाठ झाले, पण त्यामागील कल्पना मनात चुकीचीच राहिली, असा ह्याचा अर्थ होय.

ह्यात दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. झोतभट्टी वर्गात आणता येत नाही आणि अणू डोळ्यांस दिसत नाहीत. ही अडचण काही अंशी दूर करणारे साधन आता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. बोस-आइन्स्टाइन संघनितावरील कार्याबद्दल २००१ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले अमेरिकन भौतिकीविद कार्ल वीमन ह्यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातील संगणकीय प्रतिकृती हिंदी, मराठी आदी अनेक भाषांत वापरता येतात. भारतातही अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईचे सी-डॅक ह्यांनी शाळांसाठी ‘ओलॅब्स’ ही प्रयोगमाला सिद्ध केली आहे.

चित्रपट पाहणे आणि अशी प्रतिकृती हाताळणे ह्यांत मोठा भेद आहे. ‘फेट’मधील पदार्थाच्या अवस्थांविषयीच्या प्रतिकृतीत विद्यार्थी स्वतः उष्णता देतो किंवा काढून घेतो. उष्णता देताच कणांची थरथर वाढते. त्यांचा आकार मात्र तसाच राहतो. दोन अणूंमधील बलाचा आलेखही तेथे पाहावयास मिळतो. अणू फार जवळ आणल्यास त्यांच्यातील प्रतिकर्षण झपाट्याने वाढते. दूर नेल्यास आकर्षण हळूहळू कमी होते. म्हणून कंपने वाढली, की अणूंमधील सरासरी अंतर वाढते. रुळाची लांबी वाढते ती ह्या अंतरामुळे.

अशा साधनांचा उपयोग कितपत होतो? कोलोरॅडो विद्यापीठातील एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी विद्युत्‌मंडलाचा प्रयोग खऱ्या तारा व दिवे घेऊन केला, तर काहींनी तो संगणकावर केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संगणकावर काम केलेले विद्यार्थी संकल्पनांविषयीच्या प्रश्नांत, तसेच पुढे खरे मंडल जोडून त्याचे स्पष्टीकरण देण्यातही सरस ठरले.

तथापि ह्यावरून खरी प्रयोगशाळा अनावश्यक ठरत नाही. प्रतिकृती हे निसर्गाचे सोपे केलेले रूप होय. उपर्युक्त प्रतिकृतीत निऑन, अरगॉन, ऑक्सिजन व पाणी आहे, लोखंड नाही. ही मर्यादा शिक्षकाने वर्गास स्पष्ट सांगावयास हवी. तसेच कळ दाबण्यापूर्वी ‘आता काय घडेल?’ ह्याचे उत्तर प्रत्येकाने वहीत लिहावे. अंदाज आधी लिहिलेला नसेल, तर चूक उमगत नाही आणि प्रयोगाची करमणूक होते.

आणखी एक प्रश्न साधनांच्या उपलब्धतेचा आहे. २०२० च्या महासाथीत छत्तीसगढ शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’ ही ऑनलाइन शिक्षणाची योजना आरंभिली. पण जेथे इंटरनेट पोचत नव्हते, तेथे ध्वनिक्षेपकावरून वर्ग घ्यावे लागले. विनामूल्य साधनही ज्याच्यापर्यंत पोचत नाही, त्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. ह्यावर अंशतः उपाय आहे. ‘फेट’च्या अनेक प्रतिकृती एकदा उतरवून घेतल्या, की इंटरनेटवाचून चालतात. शाळेने किंवा सार्वजनिक ग्रंथालयाने त्या एका संगणकावर साठविल्या, तर एका पडद्यावर साऱ्या वर्गास शिकविता येईल.

त्याच तासाला शिक्षकाने दोन खुंट्यांमध्ये एक तार ताणून बांधावी, मध्यभागी लहान वजन टांगावे आणि तारेखालून जळत्या मेणबत्त्या फिरवाव्यात. वजन हळूहळू खाली येईल. त्याचे कारण विद्यार्थ्यांनी आता स्वतःच्या शब्दांत लिहावे.