पाळणा आणि पाटी

जयपूर शहरात बारावीपर्यंत शिकलेली तरुणी आणि त्याच जिल्ह्यातील चाकसूकडच्या खेड्यात शाळेचे तोंडही न पाहिलेली तिच्या वयाची स्त्री यांच्या घरी पाळणा सारख्याच वेळा हलेल, असे सहसा घडत नाही. हा फरक मोजण्यासाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ ‘एकूण जननदर’ वापरतात. सध्याच्या प्रमाणात जन्म होत राहिले, तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतील, हे तो सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या भारतीय स्त्रियांचा जननदर २.८ आढळला, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा १.८.

शिक्षणाने पाळणा लांबतो तो कसा? मुलगी शाळेत टिकली, की तिचे लग्न लांबते. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या कायद्याला ज्यांचे नाव मिळाले, ते हरबिलास सारडा अजमेरचे, म्हणजे जयपूरच्या शेजारचेच. तरीही राजस्थानात आखातीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर लहान मुलींची लग्ने पुढे कित्येक दशके लागत राहिली. २००५-०६ मध्ये तेथील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले. एकट्या कायद्याला जे साधले नाही, ते शाळेने पुष्कळसे साधले, असे म्हणावेसे वाटते. जन्मलेले मूल जगेल, हा भरवसाही याच काळात वाढला. राज्याचा जननदर १९९२-९३ मधील सुमारे ३.६ वरून २.० वर उतरला. महाराष्ट्रात तो २.९ वरून १.७ झाला.

या विषयाची चर्चा पुष्कळदा धर्माच्या अंगाने होते. त्याच तीन दशकांत देशातील हिंदू स्त्रियांचा जननदर ३.३ वरून १.९ वर, तर मुस्लिम स्त्रियांचा ४.४ वरून २.४ वर आला. दोहोंतील अंतर निम्म्याहूनही कमी उरले. धर्म बदलला नव्हता; शिक्षण, उत्पन्न आणि दवाखान्याची सोय बदलली होती.

मात्र लहान कुटुंबाचा भार पतिपत्नींनी वाटून घेतलेला दिसत नाही. २०१९-२१ मध्ये देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. वास्तविक पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते.