गावपहारा : लेखांक चौथा
जागल्या, वेसकर आणि चोराचा माग

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके भीमेच्या आणि तिला मिळणाऱ्या घोड, मुळा-मुठा या नद्यांच्या खोऱ्यात पसरलेले असून, मागील लेखांकात पाहिलेल्या सह्याद्रीतील गडांप्रमाणे कडेकपारींचा आसरा येथील बहुतेक गावांना कधी लाभला नाही. ज्वारी-बाजरीचा मोकळा माळ, दूरवर विखुरलेल्या वस्त्या आणि रात्री कोणत्याही दिशेने गाठता येणारी शिवारे अशा या मुलखात गावाची सुरक्षितता भिंतीपेक्षा माणसाच्या जागेपणावर अधिक अवलंबून होती, आणि त्या जागेपणाची वाटणी गावगाड्याने वंशपरंपरेने ठरवून दिलेली होती.

या व्यवस्थेत दोन पहारेकरी ठळकपणे दिसतात. गावाच्या वेशीवर, म्हणजे प्रवेशद्वारावर, राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणारा तो वेसकर. हे काम महार वतनदारांकडे पाळीपाळीने येत असे आणि घुंगरांची काठी ही त्या पाळीची खूण होती. रात्री गावातून व शिवारातून गस्त घालणारा तो जागल्या; पुणे-सातारा पट्ट्यात हे काम मुख्यतः रामोशी समाजाकडे, तर अन्यत्र भिल्ल वा कोळी समाजाकडे असे. मोबदला रोख पगाराच्या रूपाने क्वचितच मिळे. सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्याचे बलुते, महारांच्या बाबतीत हाडोळा नावाने ओळखली जाणारी इनाम जमीन आणि घरोघरची भाकर एवढ्यावर पहाऱ्याचे ऋण फेडले जाई. त्यातली भाकरही हक्काची असली, तरी ती मागूनच घ्यावी लागे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर मुलखाची व्यवस्था लावणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पहारेकऱ्याच्या कर्तव्यांचे जे वर्णन केले आहे, ते आजही लक्षपूर्वक वाचावे असे आहे. रात्री पहारा करणे, गावात कोण आले व कोण गेले हे जाणणे, परक्यांवर नजर ठेवणे आणि संशयास्पद गोष्ट पाटलाच्या कानावर घालणे ही कामे तर त्यात आहेतच. परंतु या व्यवस्थेचा खरा कणा होता तो माग काढण्याचा दंडक. चोरी झाली की पहारेकऱ्याने चोराची पावले पाहत निघायचे, माग आपल्या गावाच्या शिवेपर्यंत, म्हणजे हद्दीपर्यंत नेऊन पोचवायचा आणि पलीकडच्या गावाच्या पहारेकऱ्याच्या हवाली करायचा. पलीकडच्याने तो पुढे चालवायचा. ज्या गावाच्या शिवारात माग विरला, त्या गावच्या पहारेकऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे नुकसान भरून द्यायचे आणि राहिलेली रक्कम गावावर पडायची, असा हा दंडक होता.

ही कल्पना मराठेशाहीत नव्याने जन्मलेली नव्हती. ज्या गावाच्या हद्दीत चोरी घडली किंवा जिकडे पावले गेली, त्या गावाने भरपाई द्यावी, अशा आशयाचा नियम याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आढळतो. गावगाड्याने या प्राचीन दंडकाला एक जिवंत, पायी चालणारी यंत्रणा दिली, आणि तिचा सर्वांत जड भाग गावातील सर्वांत खालच्या मानल्या गेलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवला. त्याला प्रत्येक घर, प्रत्येक वाट, प्रत्येकाची चालण्याची ढब माहीत असे. ज्याला इतके माहीत आहे, त्यालाच चोरीही माहीत असणार, असा संशय मग सहजच त्याच्याभोवती घोटाळत राही. विश्वास आणि संशय एकाच माणसावर ठेवणारी ही रचना हक्क शाबूत असेतोवर टिकली.

हक्क तुटल्यावर काय घडले, याचे उत्तर उमाजी नाईकांच्या चरित्रात मिळते. १७९१ मध्ये पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे जन्मलेल्या उमाजींच्या घराण्याकडे पुरंदर किल्ल्याच्या रखवालीचे काम होते. किल्ल्यांची आणि गावांची रखवाली करणाऱ्या रामोशांची वतने व उत्पन्ने सत्तांतराच्या काळात हिरावली गेली किंवा आटली. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पहारा केला, त्यांनी इंग्रज राजवटीविरुद्ध शस्त्र उचलले. सरकारने मध्यंतरी उमाजींना माफी देऊन बंदोबस्ताच्याच कामावर घेतले होते, ही बाब मुद्दाम नमूद करावी लागते, कारण या लोकांची खरी योग्यता कशात आहे हे राज्यकर्त्यांनाही पुरते कळले होते, असाच तिचा अर्थ होतो. तो समेट टिकला नाही, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी देण्यात आली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर आणि उमाजींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याची छाया या समाजावर पडली, आणि त्याच काळात साहेबांच्या बंगल्यांवर रात्रीच्या राखणीस रामोशीच ठेवला जात होता. आज हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे.

वेसकराची वाट काहीशी वेगळी होती. शिरूर, म्हणजे जुन्या बोलीतले घोडनदी, येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची मोठी छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली पलटण याच छावणीतून निघाली होती आणि तीत महार शिपायांची संख्या लक्षणीय होती. गावाची वेस राखणाऱ्याला लष्करात पगार, गणवेश आणि बढती मिळू शकत होती. परंतु शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती थांबवण्यात आली आणि अनेकांसाठी पुन्हा वतनच उरले. त्या वतनातील जमीन तुकड्यातुकड्यांत वाटली गेली होती, तर काम मात्र कमी झाले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या विषम सौद्यावर बोट ठेवण्यासाठीच. ही कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, जो पुढील वर्षी अमलात आला.

साहित्याने या पहारेकऱ्याला दीर्घकाळ दारातच उभे ठेवले. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या ‘अॅगमेम्नॉन’ची सुरुवात छपरावर जागणाऱ्या पहारेकऱ्याच्या भाषणाने होते, पण नंतर तो नाटकात फिरकत नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त वीरक आणि चंदनक हे दोन रक्षक गाडी तपासताना भांडतात आणि एकमेकांची जात काढतात; पहाऱ्याचे काम कोणाकडे येते हे शूद्रकाने नेमके टिपले आहे. मराठीत संत एकनाथांनी ‘जोहार’ या रचनाप्रकारात गावची चाकरी करणाऱ्या महाराला वक्ता केले. जोहार म्हणजे महाराने पाटलाला वा मालकाला करावयाचा नमस्कार; त्या नमस्काराने सुरू होणाऱ्या या रचनांमध्ये गावच्या कारभाराची भाषा अध्यात्माकडे वळते आणि गावकुसाबाहेरचा सेवक श्रोत्यांना विवेक शिकवतो. सोळाव्या शतकात हे धैर्य मोठेच होते, तरीही तो आवाज एका सहृदय कवीने दिलेला होता.

स्वतःच्या आवाजात हा अनुभव बोलू लागला तो शंकरराव खरात यांच्यासारख्या लेखकांच्या पिढीत. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘तराळ-अंतराळ’. तराळ म्हणजे वेसकरपाळीवर असलेला गावकामगार. विहिरीतील प्रेतावर उपाशीपोटी पहारा करणारे वडील, त्यांच्यासाठी भाकर घेऊन गेलेला मुलगा आणि सापाचे भय असतानाही शेवटी वडिलांनाच विहिरीत उतरावे लागणे, हा त्यातील प्रसंग वतनाच्या साऱ्या कायदेशीर चर्चेपेक्षा अधिक सांगून जातो. एल्फिन्स्टनच्या अहवालात जे कर्तव्य म्हणून नोंदले गेले, ते पार पाडणाऱ्याच्या अंगावर कसे येत होते, हे मराठी वाचकाला तेथे प्रथमच इतक्या जवळून दिसते, आणि म्हणून या ग्रंथाचे स्थान इतिहासाच्या साधनांतही असले पाहिजे.

आज शिरूर तालुक्यात रांजणगावच्या आणि दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमध्ये कारखान्याच्या फाटकावर गणवेशातील सुरक्षारक्षक बारा-बारा तासांच्या पाळ्या करताना दिसतात, तर उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने शेतकरी स्वतःच जागतो. सुरक्षारक्षकांच्या नेमणुकीचे नियमन आणि कल्याण यांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये, म्हणजे ‘तराळ-अंतराळ’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली मंडळे स्थापन झाली. बलुत्याच्या जागी वेतन आणि हक्काच्या जागी भविष्य निर्वाह निधी आला. हा बदल निःसंशय मोलाचा आहे, पण तो फाटकावरच्या प्रत्येकापर्यंत पोचला पाहिजे. हा झाला गावचा पहारा; शहराचा पहारा निराळा. गावातला जागल्या आणि पेशवेकालीन पुण्याच्या रस्त्यांवर रात्री तोफेनंतर अंमल चालवणारी कोतवाली यांच्यात मोठे अंतर होते. त्या कोतवालीचा आणि घाशीराम कोतवालाचा विचार पुढील लेखांकात होईल.