उत्तर नको असलेले प्रश्न

तळवलीत सकाळी पहिल्या शिफ्टला निघालेल्या माणसाच्या हातात डबा असतो, अंगावर कंपनीचा ड्रेस असतो, पाय ठाणे-बेलापूर रस्त्याकडे वळलेले असतात. तरी शेजारी विचारतो, "काय दादा, कामाला का?" दादा चिडत नाहीत. "हो, निघालो," म्हणतात. विचारणाऱ्याला माहिती नकोच असते. तुम्ही दिसलात, बरे वाटले, एवढेच त्याला सांगायचे असते.

उत्तर नको असलेले असे प्रश्न आपण दिवसात किती विचारतो, ते एकदा मोजून पाहावे. "मी कुठे नाही म्हटलं?" यातला 'कुठे' जागा विचारत नाही. "कशाला एवढा त्रास घेतलात?" यातला 'कशाला' कारण विचारत नाही, ते आभार असतात. "सांगितलं नव्हतं का?" म्हणजे सांगितले होते, चांगले ठणकावून सांगितले होते. शाळेत मुले व्याकरणाच्या तासाला प्रश्नार्थी वाक्याचे विधानार्थी वाक्य करतात. घरात आई त्याच्या उलट रूपांतर रोज करते, फक्त तिला गुण मिळत नाहीत.

मग माणसे सरळ का बोलत नाहीत? कारण विधान केले की बोलणारा अडकतो, प्रश्न केला की ऐकणारा अडकतो. "तू उशीर केलास" यावर वाद घालता येतो. "घड्याळ बघितलंस का?" यावर मान खाली जाते. उत्तर ऐकणाऱ्यानेच मनात द्यायचे असते आणि आपणच दिलेले उत्तर नाकारणे कठीण. दिवसभर राबलेली बाई "माझं कोण ऐकतंय?" म्हणते, तेव्हा तिला कोणाचे नाव नको असते. "मी ऐकतो" असे कोणीतरी म्हणावे, एवढीच आस असते. पुरुषमंडळी नेमकी त्याच वेळी टीव्हीचा आवाज वाढवतात!

प्रश्नातले हे बळ तथागतांनी फार चांगले ओळखले होते. मज्झिम निकायात अभय राजकुमाराची कथा आहे. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात का, असा प्रश्न घेऊन तो त्यांना कोंडीत पकडायला आला होता. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील, असे बुद्धांनी त्यालाच विचारले. अभय म्हणाला, रक्त आले तरी बाहेर काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. कोंडी सुटली, आणि उत्तर अभयच्याच तोंडून आले.

बाबासाहेबांचे ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेतले भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. नावातच प्रश्न! जो धर्म तुम्हाला माणूस मानत नाही, पाणी मिळू देत नाही, त्यात तुम्ही का राहता, असे त्यांनी समाजाला विचारले. टाळ्या वाजवून ते उत्तर भागणार नव्हते. लाखो लोकांनी ते २० वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला दिले.

पण हेच हत्यार उलटेही चालते. गणित अडले म्हणून मुलगा विचारायला येतो आणि त्याला ऐकावे लागते, "एवढंही येत नाही? डोकं कुठे ठेवलंस?" तो पुन्हा विचारत नाही. "शिकून काय दिवे लावणार?" हे आपल्या आजोबांनी गावात ऐकले. तेच आज आपल्या घरात मुलीला ऐकवले जात असेल, तर आजोबांनी सोसले ते कशासाठी? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरात तरी लेकराच्या खऱ्या प्रश्नाचे तोंड असे बंद होऊ नये.

आणखी एक प्रश्न आपल्याला बाहेर ऐकू येतो. चहाच्या टपरीवर, डबा उघडताना, अगदी हसत हसत : "आता कुठे राहिली आहे जात?" त्यालाही उत्तर नको असते. दिले तर आपणच भांडखोर ठरतो, म्हणून बहुतेक जण गप्प बसून चहा पितात. आमचे मत वेगळे आहे. तो खरा प्रश्न समजावा. आवाज न चढवता सांगावे, की भाड्याची खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारतात आणि ते सांगितले की खोली कालच दिली गेल्याचे कळते. एवढे सांगून थांबावे. पुढचे त्याला बोलू द्यावे.