परसबागेतील निशिगंध : कंद सांभाळा, फुले मिळवा

परसबागेत निशिगंध (गुलछडी) लावला की पहिली दोन वर्षे देवपूजेला, गजऱ्याला आणि फुलदाणीला घरचीच फुले पुरतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र पाने दाट वाढतात, पण फुलदांडे आखूड आणि मोजकेच येतात. अशा वेळी जमिनीचा कस गेला असे समजून खत वाढविले जाते. खरे कारण बहुधा मातीखाली, कंदांच्या दाटीत असते.

कंदाचा स्वभाव

निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. फुलदांडा येऊन गेल्यावर तो कंद झिजतो आणि त्याच्या सभोवती लहान-मोठे अनेक नवे कंद तयार होतात. त्यांतील पुरेसे पोसलेले कंदच पुढे फुलतात. ठोंब वर्षानुवर्षे तसाच राहिला तर कंदांत अन्नपाण्यासाठी चढाओढ लागते व एकही नीट पोसत नाही. म्हणून दर तीन वर्षांनी ठोंब काढून कंदांची फेरलागवड करावी.

कंद काढणी व निवड

जानेवारी-फेब्रुवारीत पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. पाने वाळल्यावर कंदांना इजा न करता ठोंब कुदळीने उकरावा. माती झाडून कंद सुटे करावेत आणि सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून ठेवावेत. अधूनमधून ते खालीवर करावेत, म्हणजे बुरशी लागत नाही. कंदांना तीन ते चार आठवडे विश्रांती मिळाली की उगवण एकसारखी होते.

लागवडीस २० ते ३० ग्रॅम वजनाचे, चातीच्या आकाराचे, टणक व निरोगी कंद निवडावेत. मऊ पडलेले कंद वाफ्याजवळ न टाकता नष्ट करावेत. लहान कंद फेकू नयेत. ते वेगळ्या वाफ्यात लावून वर्षभर पोसावेत.

लागवड

एप्रिल-मे महिन्यांत लागवड करावी. जागा दिवसभर उन्हाची व उत्तम निचऱ्याची असावी. भारी काळ्या जमिनीत सपाट वाफ्याऐवजी वरंब्यावर लागवड करावी, कारण पावसाळ्यात पाणी साचले की कंद सडतात. कंद ३० x ३० सें.मी. अंतरावर, ५ ते ७ सें.मी. खोल, कोंब वर ठेवून लावावेत.

तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यात सुमारे ३० कंद बसतात. अशा वाफ्यास चांगले कुजलेले शेणखत १० ते १२ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ३०० ग्रॅम व म्युरेट ऑफ पोटॅश १०० ग्रॅम लागवडीपूर्वी मातीत मिसळावे. युरिया १२० ग्रॅम तीन समान हप्त्यांत, लागवडीनंतर ३०, ६० व ९० दिवसांनी द्यावा. कुंडीत लावायचे असल्यास ३० सें.मी. तोंडाच्या कुंडीत तीन कंद पुरेत.

हार व गजऱ्यासाठी ‘शृंगार’, ‘प्रज्वल’ किंवा ‘फुले रजनी’ या एकेरी जाती, तर फुलदाणीसाठी ‘सुवासिनी’ ही दुहेरी जात निवडावी.

निगा

कोंब दिसेपर्यंत पाणी बेताने द्यावे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा व पावसाळ्यात उघडीप पडल्यासच द्यावे. वाफा तणविरहित ठेवावा. फुलदांडे दिसू लागताच मातीची भर द्यावी, म्हणजे ते वाऱ्याने कोलमडत नाहीत.

पावसाळ्यात जमिनीलगत पाने कुजून तेथे पांढरी बुरशी व मोहरीसारखे दाणे दिसल्यास ती खोडकुज समजावी. असे झाड सभोवतालच्या मातीसह उपटून नष्ट करावे. लागवडीच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून दिल्यास या रोगास आळा बसतो.

फुलांची तोडणी

लागवडीनंतर तीन ते साडेतीन महिन्यांत फुले सुरू होतात. सुटी फुले पहाटे तोडावीत. फुलदाणीसाठी तळाची दोन-तीन फुले उमलताच दांडा कापून लगेच पाण्यात ठेवावा. दांडा कापताना पाने तोडू नयेत, कारण पुढच्या हंगामाचा कंद त्या पानांवरच पोसतो.

आपल्या वाफ्यातील ठोंबाला तीन वर्षे झाली असल्यास यंदा खताची मात्रा वाढवू नये. येत्या हंगामात कंद काढून, निवडून त्यांची नव्याने लागवड करावी.