कातळाखालच्या वायूचा हिशेब

तोरणमाळच्या पठारावर, यशवंत तलावाच्या आसमंतात, पायाखाली लागणारा काळा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून, नर्मदा-तापीच्या पट्ट्यात त्याखाली मध्यजीव महाकल्पातील गाळाचे थर दडलेले आहेत, असे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांतून निष्पन्न झाले आहे. अशा थरांत खनिज वायू असू शकतो. तोरणमाळला तो सापडलेला नाही. परंतु उद्या तशी वार्ता आलीच, तर तिचे मोल कसे ठरवावे, हे सातपुड्यातील रहिवाशांना आधीच ठाऊक असावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

वायू सापडणे आणि तो वसूल होणे यांत महदंतर असते. ज्या खडकाची पारगम्यता 0.1 मिलिडार्सीहून कमी, त्यातील वायूला 'टाइट गॅस' म्हणतात. तो स्वतःहून विहिरीकडे पुरेसा वाहत नाही, म्हणून पाणी व वाळू प्रचंड दाबाने सोडून खडक फोडावा लागतो. खानदेशातील शेतकरी विहिरीत पाणी दिसले एवढ्यावर विसंबत नाही, ती उपसून पुन्हा किती वेळात भरते ते पाहतो. त्याचप्रमाणे येथेही विहीर काही काळ वाहती ठेवून, मग बंद करून, दाब किती वेगाने पूर्ववत होतो याची नोंद घेतात. आरंभीचा जोमदार प्रवाह काही महिन्यांतच झपाट्याने ओसरतो, म्हणून पहिल्या दिवसांच्या आकड्यावर बांधलेला अदमास हटकून फसवा ठरतो.

याचे मोठे उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील आहे. तेथील दीनदयाळ क्षेत्रात 20 लाख कोटी घनफूट वायू असल्याचे 2005 मध्ये जाहीर झाले. पुढे विकास आराखड्यातील साठा त्याच्या सुमारे दशांशावर आला, आणि अतिउष्ण, अतिदाबाच्या घट्ट खडकातील विहिरींचा खर्च मात्र वाढत गेला. अखेरीस 2017 मध्ये या क्षेत्रातील गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाचा 80 टक्के हिस्सा ओएनजीसीने घेतला. पहिल्या दिवशी एकच भव्य आकडा सांगण्यापेक्षा किमान, संभाव्य आणि कमाल असे तीन आकडे मांडणे हेच, माझ्या मते, जनतेशी प्रामाणिकपणाचे होय.

उलट राजस्थानात बाडमेरजवळील रागेश्वरी क्षेत्राचा वायूही घट्ट, बहुतांशी ज्वालामुखीजन्य खडकातलाच; पण त्याच परिसरातील मंगला तेलप्रकल्पाला इंधन हवे होते, म्हणजे गिऱ्हाईक शेजारीच होते. तोरणमाळसारख्या दुर्गम जागी जमाखर्चाची ही बाजू अवघड: विहिरींची संख्या, प्रत्येकीचा खर्च आणि वायूचा भाव यांबरोबरच खडक फोडायला लागणारे पाणी कोठून आणायचे, वनजमिनीतून नळवाहिनी कोणाच्या संमतीने न्यायची आणि घाटाखाली तिचा वायू विकत घेणार कोण, याचाही हिशेब द्यावा लागेल.